दुपारी दोनला अडकणारा मेल: क्लॅमएव्ही, रॅम आणि राखीव गडी

"अरे बाबा, मेल गेला की नाही तेवढं सांग. समोरचा माणूस फोन धरून बसलाय."

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी काकांचा फोन. काका म्हणजे एका पतसंस्थेचे हेडक्लार्क. त्यांचा मेल सर्व्हर माझ्याकडे आहे. जेवण अर्धवट टाकून लॅपटॉप उघडला, लॉगिन झालो, तोवर अडकलेले सगळे मेल एकदम पोचलेसुद्धा. "गेला बघा काका." "आत्ता गेला. दोनला का नव्हता जात?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला जवळजवळ दीड महिना लागला, आणि त्यातला बराचसा वेळ मी भलत्याच जागी खणत होतो. तुमच्याही मेल सर्व्हरवर क्लॅमएव्ही (मेलमधले व्हायरस शोधणारा अँटिव्हायरस) असेल आणि मेल रोज ठरावीक सुमाराला रुसून नंतर आपोआप सुटत असेल, तर पुढचं वाचा.

आधी मशीनची ओळख. डेबियन लिनक्स, मेल नेणारा-आणणारा पोस्टफिक्स, तपासणीची व्यवस्था बघणारा अमाविस, क्लॅमएव्ही, नको असलेला मेल ओळखणारा स्पॅमअसॅसिन, जोडीला वेबमेल. ४ जीबी रॅम, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य. मेलबॉक्स चाळीसच्या आसपास. सगळं आधीच्या माणसाने बसवलेलं, मला वारशात मिळालेलं. मेलचा रस्ता असा: पोस्टफिक्स मेल घेतो आणि १००२४ पोर्टवर अमाविसच्या हाती देतो. अमाविस मेल सोडवून त्यातल्या फाइली एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या वाटेवरून) क्लॅमडीला विचारतो, यात काही आहे का? क्लॅमडी म्हणजे क्लॅमएव्हीची कायम चालू राहणारी प्रोसेस. तिने 'काही नाही' म्हटलं की मेल १००२५ वरून परत पोस्टफिक्सकडे आणि तिथून मेलबॉक्समध्ये. साखळी लहान आहे, पण ती तीन जणांच्या लॉगमध्ये विखुरलेली आहे, आणि आपण बहुतेक वेळा पहिल्याचा लॉग बघून थांबतो.

मीही थांबलो होतो. पहिला संशय अर्थात इंटरनेटवर. दुसरा असा की जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे एकदम स्कॅन केलेले कागद पाठवत असतील. तिसरा संशय जरा मानाचा होता: समोरच्या सर्व्हरने आपला आयपी काळ्या यादीत टाकला असणार, कारण क्यूमध्ये (थांबलेल्या मेलच्या रांगेत) प्रत्येक मेलसमोर '४५१' दिसत होतं. ४५१ म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. हे कोणी म्हटलं ते मात्र मी नीट वाचलं नाही. ओळ अशी होती: 'डिफर्ड, होस्ट १२७.०.०.१ सेड ४५१ ४.५.० एरर इन प्रोसेसिंग', आणि शेपटाला 'व्हायरस स्कॅन फेल्ड'. १२७.०.०.१ म्हणजे आपलंच घर. बाहेरच्या कोणाचा काही संबंध नव्हता. आपलाच अमाविस आपल्याच पोस्टफिक्सला परत पाठवत होता. त्यामुळे क्यू बघताना आधी होस्ट बघा, आकडा नंतर.

तिथून अमाविसच्या ओळींकडे गेलो. डेबियनवर त्याही मेल लॉगमध्येच सापडतात. दोन वाजून चार मिनिटांच्या आसपास ओळ होती की क्लॅमडीच्या सॉकेटला, म्हणजे 'क्लॅमडी डॉट सीटीएल' या फाइलला जोडता येत नाही. लगेच दुसरी: 'ऑल प्रायमरी व्हायरस स्कॅनर्स फेल्ड, कन्सिडरिंग बॅकअप्स'. ही दुसरी ओळ मी तेव्हा वाचून सोडून दिली. बॅकअप आहे म्हणजे बरंच की, असं वाटलं. खरी मेख तिथेच होती, पण ते पुढे.

क्लॅमडीची स्थिती सिस्टमसीटीएलने (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या कमांडने) बघितली. हिरवा ठिपका, 'अॅक्टिव्ह, रनिंग'. इथेच बहुतेक जण फसतात. हिरव्या ठिपक्याच्या शेजारी 'सिन्स' लिहून वेळ दिलेली असते, ती वाचायची. मशीन चार महिने बंद झालेलं नव्हतं आणि क्लॅमडी मात्र 'आज दुपारी २.३१ पासून' चालू होती. म्हणजे ती मेली होती आणि कोणीतरी तिला उठवलं होतं. कोणी? रूटचा क्रॉनटॅब (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडला. आधीच्या माणसाने दर पंधरा मिनिटांनी चालणारी एक स्क्रिप्ट ठेवली होती: क्लॅमडी दिसली नाही तर सुरू कर. आउटपुट थेट कचऱ्यात, त्यामुळे कोणाला कळायचा प्रश्नच नाही. त्यालाही हाच त्रास झाला असणार आणि त्याने त्यावर पट्टी मारून ठेवली. त्याला नावं ठेवत नाही, मीही दुसऱ्या एका ठिकाणी असंच केलेलं आहे. पण याच पट्टीमुळे जखम दिसत नव्हती.

क्लॅमडीला मारलं कोणी ते कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने सांगितलं. डीमेसेज किंवा जर्नलसीटीएलमध्ये कर्नलच्या ओळी काढा आणि 'आउट ऑफ मेमरी' शोधा. 'किल्ड प्रोसेस', पुढे नंबर, आणि कंसात क्लॅमडी. महिनाभरात अशा ओळी डझनाच्या वर होत्या. रॅम संपली की कर्नल सगळ्यात मोठ्या प्रोसेसचा बळी देतो, आणि छोट्या मेल सर्व्हरवर सगळ्यात मोठी प्रोसेस क्लॅमडीच असते. एके दिवशी तिच्याऐवजी वेबमेलचा डेटाबेस गेला होता, त्या दिवशी वेबमेलच बंद पडलं आणि काकांनी सलग तीन फोन केले.

आता दोनच का वाजायचे ते बघू. उत्तर फ्रेशक्लॅमच्या लॉगमध्ये आहे. फ्रेशक्लॅम हा व्हायरसच्या खुणांचा डेटाबेस आणणारा गडी. तो दिवसभरात अनेकदा विचारून येतो, डेबियनच्या ठरावीक सेटिंगमध्ये तासाला एकदा, पण विचारणं स्वस्त असतं. एका डीएनएस रेकॉर्डवरून नवीन आवृत्ती आहे का ते कळतं. डेटाबेसच्या मुख्य फाइली तीन: मेन, डेली आणि बाइटकोड. मेन क्वचित बदलते, डेली नावाप्रमाणे साधारण रोज. आमच्या लॉगमध्ये नवीन डेली बहुतेक दिवशी दुपारी दीड ते अडीचच्या फेरीत सापडत होती. म्हणजे दुपारच्या जेवणाचा यात काडीचाही संबंध नव्हता.

नवीन डेली आली की रॅमवर दोनदा भार येतो, आणि हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा फ्रेशक्लॅम स्वतः तो डेटाबेस रॅममध्ये चढवून तपासतो, की फाइल फुटकी तर नाही. तपासून झालं की क्लॅमडीला निरोप देतो: नवीन माल आलाय, भरून घे. मग क्लॅमडी जुना डेटाबेस हातात ठेवून शेजारी नवीन चढवते, आणि चढवून झाल्यावर जुना टाकते. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या ०.१०३ आवृत्तीपासून ही पद्धत आहे. हेतू चांगला, की भरणा चालू असतानाही स्कॅनिंग थांबू नये. किंमत म्हणजे तेवढा वेळ दुप्पट रॅम.

आमच्या मशीनचा हिशोब मांडतो. क्लॅमडी शांत बसलेली असताना १.३ जीबी. अमाविसची सहा पोरं (मेल तपासणाऱ्या त्याच्या प्रोसेस), प्रत्येकी सव्वाशे एमबीच्या आसपास, म्हणजे पाऊण जीबी. वेबमेल, त्याचा डेटाबेस आणि मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट मिळून अर्धा. झाले अडीच. त्यावर व्हायरसच्या डेटाबेसची आणखी एक प्रत १.३ ची, की ३.८ जीबी. ४ जीबीच्या मशीनवर ही दोरीवरची कसरत आहे. ज्या दिवशी त्याच मिनिटाला कोणी वीस एमबीची पीडीएफ पाठवली नाही त्या दिवशी निभावलं. पाठवली की गेलं. म्हणून कधी रोज, कधी दोन दिवसांआड. या अनियमितपणानेच मला जास्त छळलं.

पण एवढ्यानेच मेल अर्धा अर्धा तास अडकला नसता. क्लॅमडी मेली, क्रॉनने पंधरा मिनिटांच्या आत उठवली, मिनिटभरात ती उभी राहिली, विषय संपला असता. तसं का होत नव्हतं? आता त्या सोडून दिलेल्या ओळीकडे या: 'कन्सिडरिंग बॅकअप्स'. डेबियनच्या अमाविसमध्ये राखीव स्कॅनरच्या यादीत क्लॅमस्कॅन असतो. क्लॅमस्कॅन हा त्याच घराण्यातला, पण कायम चालू राहत नाही. बोलावलं की उठतो, अख्खा डेटाबेस रॅममध्ये चढवतो, एक मेल तपासतो आणि सगळं टाकून झोपतो. पुढच्या मेलला पुन्हा पहिल्यापासून. एका मेलसाठी सव्वा जीबी आणि आमच्या डिस्कवर पाऊण मिनिट! अमाविसची सहा पोरं, म्हणजे एका वेळी सहा क्लॅमस्कॅन उठायची तयारी. तिसरा उठेपर्यंतच रॅम संपायची, कर्नल पुन्हा कोयता घेऊन हजर. सव्वादोनला क्रॉन क्लॅमडीला उठवायला जायचा तेव्हा तिला बसायलाच जागा नसायची, मग तीही मारली जायची. शेवटी सगळे मेल 'डिफर्ड'मध्ये जाऊन गर्दी ओसरली, की क्लॅमडी एकदाची उभी राहायची आणि काका म्हणायचे, "आत्ता गेला."

कबड्डीत राखीव गडी आत यावा आणि आपल्याच बाजूचे दोघं बाद करून जावा, तसलं हे प्रकरण.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा, म्हणून केलं त्याच क्रमाने लिहितो.

सगळ्यात आधी राखीव गडी काढला. अमाविसच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये '५०-युजर' नावाची फाइल असते, तिच्यात 'एव्ही स्कॅनर्स बॅकअप' ही यादी रिकामी असल्याचं लिहिलं. मूळ यादी '१५'ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये आहे, तिला हात लावू नका. '५०' नंतर वाचली जाते, त्यामुळे तीच चालते. त्या फाइलच्या शेवटी एक एकटा आकडा १ आणि अर्धविराम असतो, तो चुकून पुसू नका. मी एकदा पुसला होता. अमाविस उठेना आणि कारण कळायला वीस मिनिटं गेली.

इथे एक निर्णय तुमचा तुम्हाला घ्यायचा आहे. राखीव स्कॅनर नसेल आणि क्लॅमडी बंद असेल तर अमाविस ४५१ देणार आणि मेल क्यूमध्ये थांबणार. काही जणांना ते नको असतं, ते म्हणतात स्कॅनर नसला तर तसाच जाऊ दे. पतसंस्थेच्या मेलला मी ते करणार नाही. थांबलेला मेल हरवत नाही. पोस्टफिक्स तो पाच दिवस धरून ठेवतो आणि आधी पाच मिनिटांनी, मग वाढत्या अंतराने तासाभराच्या आसपास पुन्हा पुन्हा पाठवून बघतो. न तपासलेला मेल मात्र एकदा पोचला की पोचला.

दुसरं, क्लॅमडीच्या कॉन्फमध्ये 'कॉन्करंटडेटाबेसरीलोड' (सलग, एकच शब्द) 'नो' केलं आणि क्लॅमडी रीस्टार्ट केली. आता ती जुना डेटाबेस आधी टाकते, मग नवीन चढवते. तेवढा वेळ स्कॅनिंग खोळंबतं, पण अमाविस वाट बघतो. त्याच्या पोरांना ठरावीक सेटिंगमध्ये आठ मिनिटांची मुदत असते आणि आमचा भरणा मिनिटाच्या आत होतो. मोठ्या, सतत वाहत्या सर्व्हरवर मी हे केलं नसतं, तिथे सरळ रॅम घ्यावी.

तिसरं, अमाविसचे 'मॅक्स सर्व्हर्स' (म्हणजे पोरांची संख्या) सहावरून दोनवर आणले. अमाविसचा मूळ आकडा दोनच असतो. सहा कोणी आणि का केले, देव जाणे. चाळीस मेलबॉक्सना दोन पुष्कळ झाले. पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये अमाविसच्या ओळीत जास्तीत जास्त प्रोसेसचा आकडा असतो, तोही दोन करा. तो जास्त राहिला तर पोस्टफिक्स दारात माणसं उभी करतो आणि आत घ्यायला कोणी नसतं.

चौथं, दोन जीबीची स्वॅप फाइल. स्वॅपवर क्लॅमडी चालवायची नाही, फक्त फ्रेशक्लॅमच्या तपासणीच्या मिनिटात कर्नलला कोयता काढावा लागू नये एवढ्यासाठी. फ्रेशक्लॅमची ती तपासणी बंद करायचा सल्ला तुम्हाला कोणी देईल, 'टेस्टडेटाबेसेस' नावाचं सेटिंग आहे. मी चालू ठेवली. फुटकी फाइल क्लॅमडीच्या पोटात जाण्यापेक्षा मिनिटभराची रॅम परवडली.

आणि शेवटी ती क्रॉनची स्क्रिप्ट उडवली. तिच्या जागी सिस्टमडीच्या युनिटला 'सिस्टमसीटीएल एडिट'ने 'रीस्टार्ट इक्वल टू ऑन-फेल्युअर' जोडलं. कर्नलने मारलं तरी ते फेल्युअरच धरलं जातं, सिस्टमडी लगेच उठवतो आणि मुख्य म्हणजे जर्नलमध्ये त्याची नोंद राहते.

एक गोष्ट करू नका. क्यूमध्ये तीनशे मेल तुंबलेले बघून लगेच पोस्टक्यूने सगळी क्यू ढकलायचा मोह होतो. क्लॅमडी नीट उभी राहिली आहे हे बघितल्याशिवाय ढकलू नका. 'क्लॅमडीस्कॅन'ला 'पिंग' विचारा, नव्या आवृत्त्यांत ती सोय आहे. 'क्लॅमडीटॉप'मध्ये तिची रॅम आणि रांग डोळ्यांनी दिसते. मग वाटल्यास ढकला. नाहीतर काही न करता चहा प्यायला जा, पोस्टफिक्स आपलं आपण करतो.

सगळं झाल्यावर आयकारची चाचणी फाइल स्वतःलाच पाठवली. ६८ बाइटची निरुपद्रवी ओळ आहे, प्रत्येक अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणतो. ती अडली पाहिजे. तुमच्याकडे ती आरामात इनबॉक्समध्ये पोचली, तर डेबियनच्या अमाविसमध्ये '१५-कंटेंट फिल्टर मोड' ही फाइल बघा. व्हायरस तपासणी तिथे मुळात बंद ठेवलेली असते, दोन ओळींपुढचे हॅश (#) काढावे लागतात. वर्षभर अँटिव्हायरस 'चालू' असलेला आणि एकही मेल न तपासलेला सर्व्हर मी बघितलाय.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला जेवण उरकून लॉग उघडून बसलो. दोन वाजून सहा मिनिटांनी फ्रेशक्लॅमला नवीन डेली मिळाली. फ्री कमांडमध्ये मोकळी रॅम खाली खाली गेली, स्वॅपला थोडी शिवली, परत वर आली. मग क्लॅमडीचा भरणा: एक्कावन्न सेकंद. तेवढ्यात सात मेल खोळंबले आणि ओळीने गेले. कर्नल गप्प. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत 'आउट ऑफ मेमरी' एकदाही नाही.

तुमच्या कर्नल लॉगमध्ये ती ओळ नसेलच, तर वरचं काही करू नका, तुमचं दुखणं वेगळं आहे. सॉकेट जोडला जातोय पण 'पर्मिशन डिनाइड' येतंय? अमाविस क्लॅमडीला फाइल देत नाही, फाइलचा पत्ता देतो. वाचायला क्लॅमडीलाच जावं लागतं. म्हणून क्लॅमएव्ही हा युजर अमाविसच्या ग्रुपमध्ये टाका आणि क्लॅमडी रीस्टार्ट करा. क्लॅमडी सुरूच होत नाही आणि एररही नाही, नुसतं 'कंडिशन' पाळली गेली नाही असं काहीतरी दिसतंय? डेबियनच्या युनिटमध्ये अट आहे की मेन आणि डेली जागेवर असल्याशिवाय उठायचं नाही. नव्या मशीनवर फ्रेशक्लॅमची पहिली फेरी पूर्ण होऊ द्या.

फ्रेशक्लॅमला ४२९ येत असेल तर तुम्ही, किंवा तुमच्याच आयपीमागचं दुसरं कोणी, फार वेळा डाउनलोड केलंय. अशा वेळी हाताने पुन्हा पुन्हा चालवणं हा सगळ्यात वाईट उपाय; फ्रेशक्लॅम स्वतःच थांबायची मुदत लिहून ठेवतो, ती संपू द्या. एकाच ऑफिसात पाच-सहा मशीन असतील तर एकाने आणावं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यावं. ४०३ आलं तर मात्र आधी आवृत्ती तपासा, फार जुन्या आवृत्त्यांना डेटाबेस मिळणं बंद होतं. आणि हे गमतीत घेऊ नका. १५ एप्रिल २०१० ला क्लॅमएव्हीच्या टीमने ०.९५ च्या आधीच्या सगळ्या आवृत्त्या डेटाबेसमधूनच मुद्दाम बंद पाडल्या. त्या आवृत्त्यांना ९८० बाइटपेक्षा लांब खुणा टप्प्याटप्प्याच्या अपडेटमध्ये झेपत नव्हत्या. सहा महिने आधी सांगितलं होतं, तरी जगभर कितीतरी मेल सर्व्हर त्या दिवशी जागच्या जागी थांबले, कारण स्कॅनर मेला की मेलही थांबेल अशीच सगळ्यांची मांडणी होती. वर सांगितल्याप्रमाणे माझीही तशीच आहे. म्हणून महिन्यातून एकदा 'क्लॅमडी'ची आवृत्ती बघायचं काम कॅलेंडरवर टाकून ठेवलंय, तेही दुपारी पावणेदोनचं.